पत्त्यांना आठवण नसते

‘आज पानच लागत नाही’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे मराठी घर शोधावेच लागेल. गणपतीच्या जागरणाला सतरंजी पसरली की तासाभरात कोणी तरी काका हे म्हणतातच. मग ते भिंतीकडची जागा सोडून दाराशी येऊन बसतात, पिसणारा बदलायला लावतात, पाने उचलण्यापूर्वी त्यांना हात लावून नमस्कार करतात. एवढे करूनही दुर्री-तिर्रीच येते. पहाटेपर्यंत काकांची पाच-पन्नास रुपयांची चिल्लर जाते, सकाळी आरतीच्या आधी काकू त्यांना चार शब्द ऐकवतात आणि प्रकरण मिटते.

मधल्या काही वर्षांत हेच वाक्य पांघरुणाच्या आत गेले. रात्रीचे दोन, हातात मोबाइल, पडद्यावर हिरवे टेबल. सतरंजी नाही, पिसणारा दिसत नाही, दटावणारी काकू शेजारी झोपलेली. आणि जाणारी रक्कम चिल्लर नव्हे. ऑनलाइन पोकर आणि रमीने आपल्याकडे हे घडवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि दोन-तीन दिवसांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपली टेबले आवरली. मग आता या विषयाचे चऱ्हाट कशाला, असे कोणी विचारील. टेबले गेली, पण त्यांवर बसलेली माणसे आपापल्या घरीच आहेत आणि ‘पान लागत नाही’ ही समजूतही त्यांच्याबरोबर आहे. ती समजूत मला जवळून तपासायला मिळाली, म्हणून हे लिहितो.

मी तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. पत्त्यांशी माझा संबंध मुख्यतः फळ्यावरचा. बावन्न पानांतून तीन पाने किती प्रकारे काढता येतील? बावीस हजार शंभर. त्यांत तीन एक्के, तीन राजे अशा तिकड्या बावन्न, आणि एकाच रंगाच्या ओळीने लागलेल्या तीन पानांचे हात अठ्ठेचाळीस. म्हणजे तीन पत्तीत तिकडीला वरचा मान असला, तरी खरे दुर्मीळ पान त्या खालचे आहे! मुलांना याची गंमत वाटे. अशा मास्तराकडे पत्त्यांत हरलेला माणूस येतो तो सांत्वनासाठी येत नाही, पुराव्यासाठी येतो. माझा भाचा तसा आला. पुण्यात चांगली नोकरी, नेटका संसार आणि तीन महिने चाललेला पडता काळ. ‘मामा, तुम्ही आकडे बघा. मी बरोबर खेळतोय. नशीबच विरुद्ध आहे. नाही तर ते सॉफ्टवेअर तरी.’ त्याने सुमारे चाळीस हजार डावांची नोंद पुढे ठेवली. घराच्या बुकिंगसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले दोन लाख रुपये त्या नोंदीत कुठे तरी विरघळले होते.

पोकर न खेळणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम, आपल्या तीन पत्तीचा लांबचा चुलतभाऊ. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग टेबलावर सर्वांच्या सामाईक अशी पाच पाने उघडतात; आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. दर टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पाने टाकून मोकळे व्हायचे. कसब आहे ते या लावण्यात आणि टाकण्यात. पाने देण्याचे काम शुद्ध योगायोगाचे.

आता समजा, हातात दोन एक्के आले. यापेक्षा बळकट सुरुवात नाही; सरासरीने २२१ डावांत एकदा ती मिळते. समोरच्याकडे दोन राजे आहेत. दोघांनीही होते नव्हते ते सगळे लावले. एक्केवाल्याने सगळे बरोबर केले, तरी साधारण पाचांतून एकदा तो हरतो. बहुधा टेबलावर तिसरा राजा हजर होतो. पोकरच्या भाषेत याला ‘बॅड बीट’ म्हणतात. आमचे काका तोंडाशी आलेला घास गेला म्हणतील. भाच्याला असे सगळे घास पाठ होते. कोणत्या तारखेला, कोणते पान, किती रुपये. पण ज्या चार वेळा एक्के टिकले, त्या मात्र त्याला आठवत नव्हत्या. जिंकायलाच हवे होते ते जिंकलो, त्यात लक्षात काय ठेवायचे?

वर्गात मी एक प्रयोग करीत असे. निम्म्या मुलांनी नाणे खरोखर शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायचा, उरलेल्यांनी नाण्याला हात न लावता मनाने शंभर नोंदी करायच्या. कागद गोळा केले की बनावट कागद बहुतेक वेळा ओळखू येत. मनाने लिहिणारा मुलगा सलग चार काटे लिहिले की बिचकतो आणि छापा घालतो. खऱ्या नाण्याला ही भीड नसते. शंभर फेकींत कोठे तरी सलग सहा काटे पडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. आपल्याला वाटणारा योगायोग फार नीटनेटका असतो. खरा योगायोग गठ्ठ्यागठ्ठ्याने येतो.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण मोंटे कार्लोच्या कॅसिनोतले. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री तिथल्या रूलेटच्या चक्रावर काळा रंग सलग सव्वीस वेळा आला. पंधरा-सोळा वेळा काळा आल्यावर लोकांची झुंबड उडाली, ती लाल रंगावर पैसे लावायला. आता तरी लाल येईलच, असे प्रत्येकाला वाटत होते. दर खेपेला रक्कम वाढत गेली आणि कॅसिनोने त्या रात्री लाखो फ्रँक गोळा केले. चक्राला मागची खेप आठवत नाही. पत्त्यांनाही नाही. आपण मात्र त्यांच्या वतीने हिशेब ठेवत बसतो की, इतके दिवस वाईट गेले, आता देणे लागतात.

हे सगळे सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, ‘म्हणजे नशीबच ना? मी तेच म्हणत होतो.’ इथे मला थांबावे लागले. कारण गणित त्याच्या बाजूने अर्धेच होते.

पोकरमध्ये हिशेब ‘बिग ब्लाइंड’च्या मापात करतात, प्रत्येक डावात एका खेळाडूने पाने पाहण्याआधी टाकायची ती सक्तीची रक्कम. शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला समजतात. पण त्याच शंभर डावांत निकाल वरखाली होतो तो ऐंशी ते शंभर बिग ब्लाइंडांनी. कमाई पाचची, हेलकावे नव्वदचे! याचा हिशेब मांडला तर असे निघते की, हा चांगला खेळाडू दहा हजार डाव खेळला तरी तोट्यात असण्याची शक्यता दहांत जवळजवळ तीन आहे. एक लाख डावांनंतरही असे शंभर खेळाडू घेतले तर त्यांतले चारेक जण हरलेलेच दिसतील, त्यांचा काही दोष नसताना. पडत्या काळात सापडलेल्या माणसाला हे आकडे दिलासा देतात आणि तो दिलासा खोटा नाही.

पण हेच गणित उलटे फिरवा. शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड गमावणारा कच्चा खेळाडूही दहा हजार डावांनंतर दहांत तीन वेळा नफ्यात असतो. तो स्वतःला काय समजत असेल? सुरुवातीच्या कमाईचे श्रेय नशिबाला दिलेला खेळाडू मी पाहिलेला नाही. भाच्याचे पहिले चार महिने नफ्याचे होते. त्याला त्याने ‘अभ्यास’ हे नाव दिले होते, आणि पुढच्या तीन महिन्यांना ‘बॅड लक’. मी म्हटले, ‘अरे, चाळीस हजार डावांवरून तू चांगला की वाईट, हे मला ठरवता येत नाही. तुलाही येणार नाही.’ त्याचा चेहरा पडला. हरल्याचे त्याला जेवढे दुःख नव्हते, तेवढे या उत्तराचे झाले असावे.

ऑनलाइन खेळाची खरी गोम इथेच आहे. पणजीला मांडवीतल्या जहाजावरच्या टेबलाशी तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पाने पिसायची, वाटायची, पैसे मोजायचे, कोणी तरी विचार करीत बसायचे. दर रविवारी सहा तास बसले तरी दहा हजार डावांना वर्ष लागेल. मोबाइलवर किंवा संगणकावर एका टेबलाला तासाला साठ-सत्तर डाव आणि एकाच वेळी चार टेबले उघडता येत. तेच दहा हजार डाव छत्तीस तासांत. वर्षभराचे दुर्दैव दोन आठवड्यांच्या जागरणात अंगावर येते. सॉफ्टवेअर फसवते, या संशयाचे मूळही बरेचसे यात आहे. पूर्वी ज्या अघटित गोष्टी माणसाला वर्षातून दोनदा दिसत, त्या आता शनिवारी रात्री दोनदा दिसतात. आणि दोन फटक्यांच्या मध्ये चहा प्यायला, पान खायला, उठून घरी जायला जो वेळ असायचा, तोच नेमका काढून टाकलेला.

शिवाय चालकाचा वाटा. जिंकलेल्या डावातून तो कापला जातो. साधारणपणे पाच टक्क्यांच्या आसपास, वर काही कमाल मर्यादा. सारख्याच ताकदीचे सहा जण एकमेकांशी खेळत राहिले, तर कालांतराने सहाही हरतात. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. या वजावटीत नशिबाचा काही संबंध नाही, आणि पडत्या काळाची रडकथा सांगताना हिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस किरकोळ प्रवेशशुल्काच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. आडनावासकट सगळे कादंबरीत शोभावे असे! जगभर पोकरची लाट आली ती यानंतर. त्या स्पर्धेत ८३९ जण होते. उरलेल्या ८३८ जणांवर कोणी लेख लिहिले नाहीत.

असो. भाच्याच्या वहीकडे परत येऊ. निकाल काही सांगत नव्हते, म्हणून आम्ही निकाल झाकले. त्याचे साठ मोठे हरलेले डाव काढले आणि शेवटी काय झाले त्यावर कागद ठेवून फक्त निर्णय वाचले. त्या क्षणी जेवढे माहीत होते, त्यावरून पैसे लावणे बरोबर होते का, एवढाच प्रश्न. मला पोकर येत नाही. पण शक्यता मोजता येते आणि त्याला नियम येत होते. चार रविवार आम्ही हे करीत होतो. निम्म्याहून जास्त डावांत त्याचे काही चुकले नव्हते. एक्के होते, राजे आले, गेले. उरलेले मात्र विचित्र होते. ज्या पानांना तो संध्याकाळी हात लावत नसे, त्यांवर त्याने हजारो रुपये लावले होते. मग माझे लक्ष नोंदीतल्या वेळेकडे गेले. हे जवळजवळ सगळे डाव रात्री एकनंतरचे, आणि एखादा मोठा डाव हरल्यापासून अर्ध्या तासाच्या आतले.

पोकरवाल्यांकडे या अवस्थेला शब्द आहे, ‘टिल्ट’. तो आला पिनबॉलच्या यंत्रावरून. ते यंत्र कोणी फार हलवले की त्यावर ‘टिल्ट’ असा दिवा लागतो आणि यंत्र स्वतःहून बंद पडते. माणसाचे याच्या उलट होते. दिवा लागतो आणि तो आणखी जोरात खेळू लागतो. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये आपला गाजलेला सिद्धान्त मांडताना हेच सांगितले होते. गमावल्याचे दुःख कमावल्याच्या आनंदापेक्षा बरेच मोठे असते (पुढच्या मोजणीत ते साधारण दुप्पट भरले), आणि झालेला तोटा ज्याने मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी ज्याला शिवला नसता असा जुगारही पत्करतो. बाजारात याला ‘वसुली’ म्हणतात. वसूल करायचे म्हणून लावलेला पैसा हा नेहमी सर्वांत वाईट पानांवर लावलेला असतो, असे त्या चार रविवारांनंतर माझे मत झाले आहे.

भाच्याचा पडता काळ असा दोघांचा मिळून होता. सुरुवात पत्त्यांनी केली, पुढचे त्याने. यातला पहिला भाग कोणालाही टाळता येत नाही. दुसरा टाळता येतो, पण त्या क्षणी ठरवून नाही. त्या क्षणी माणूस ठरवण्याच्या स्थितीतच नसतो. म्हणून पोटापाण्यासाठी खेळणारे जुने खेळाडू सगळे आधी ठरवून ठेवतात. खेळायचा पैसा घरखर्चापासून वेगळा. एका टेबलावर जेवढे घेऊन बसायचे, त्याच्या तीस-चाळीस पट साठा मागे असल्याशिवाय बसायचे नाही. एका बैठकीत एवढे गेले की उठायचे, मग घड्याळात नऊ वाजलेले असोत. आणि साठा घटला की खालच्या, स्वस्त टेबलावर जायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड. पैशांपेक्षा अब्रूचा प्रश्न येतो. पाचशेच्या टेबलावरचा माणूस पन्नासच्या टेबलावर जाताना पगार कापल्यासारखा कष्टी होतो, जणू सगळे गाव बघत आहे. बघत कोणीच नसते. भाच्याने बाकी सगळे मान्य केले, यावर मात्र पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

या बाबतीत आपल्या महाभारतातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. द्यूतात सर्वस्व हरून वनात बसलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा तुम्ही कधी पाहिला आहे का? हरलेल्या प्रत्येकाचा प्रश्न! बृहदश्व त्याला नलाची कथा सांगतात. नलाच्या अंगात कली शिरला आणि तो पुष्कराशी खेळताना राज्य हरला. पण कली बाहेर पडला तो कुठल्या शांतीने की यज्ञाने? नाही. सारथी होऊन राहिलेल्या नलाला वाटेत ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे नजरेने मोजून दाखवली. नलाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवून झाड तोडले आणि फळे एकेक करून मोजली. आकडा जुळला. मग ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची आणि मोजणीची विद्या दिली आणि त्याबरोबर कली विष ओकत नलाच्या देहातून बाहेर आला. वेदकाळी फासे म्हणून वापरत, ते याच बेहड्याचे फळ. दुर्दैवाचा भूतबाधेसारखा पगडा मोजणी शिकल्यावर उतरतो, असे सांगणारी कथा आपल्याकडे इतकी जुनी आहे. कथेचा शेवट मात्र मला पटत नाही. नल परत जाऊन एकाच डावात सगळे राज्य जिंकतो. हे पान हरलेल्या माणसाच्या हाती देऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वर जे सांगितले ते उठता येणाऱ्या माणसासाठी आहे. काहींना उठताच येत नाही. घरी खोटे बोलून, उसने घेऊन, बायकोचे दागिने ठेवून जो खेळतो, त्याला शक्यतेचे गणित शिकवून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार होतात. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, घरातल्या दुसऱ्या कोणीही लावला तरी चालतो. कायद्याने दार बंद केल्यावर परदेशी संकेतस्थळांच्या खिडकीतून जाणारे बहुतेक याच वर्गातले असणार.

आणि ज्यांना खिडकी नको, त्यांच्यासाठी शेअर बाजाराचा वायदा आहेच. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यांच्यापैकी किती जण ‘सध्या मार्केट माझ्या विरुद्ध आहे’ म्हणत असतील!

भाचेसुनेने मला एकदा विचारले होते, ‘मामा, तो म्हणतो नशीब वाईट आहे. खरंच वाईट आहे की तो वाईट खेळतोय, हे मला घरात बसून कसं कळावं?’ मी म्हटले, ‘अगं, ते मला तरी कुठं कळलं? तू फक्त वही माग. रोज किती वाजता बसला, किती घेऊन बसला, किती वाजता उठला, किती उरले. तोंडी हिशेब ऐकू नकोस.’ तिने वही मागितली. पहिल्या आठवड्यात त्याने दिली नाही. नंतर दर रविवारी सकाळी ती चहाबरोबर टेबलावर येऊ लागली. रात्री एकनंतरच्या नोंदी दोन महिन्यांत थांबल्या. तोटा थांबला नाही, पण त्याचा उतार कमी झाला. पन्नासच्या टेबलावर बसून भाचा पुढची दीड वर्षे कधी दोन हजार वर, कधी तीन हजार खाली असा खेळत राहिला.

शेवटची नोंद २१ ऑगस्ट २०२५ ची आहे. वेळ रात्री नऊ वीस. खात्यात उरलेले अकरा हजार चारशे रुपये परत मागवले, एवढेच लिहिले आहे; खाली भाचेसुनेच्या अक्षरात, पैसे बँकेत जमा झाल्याची तारीख.